बांज : गाझियाबादच्या नळापासून हिमालयापर्यंत

मी गाझियाबादहून बोलतोय. आजच्या भागाचं नाव बघून काही जणांना वाटेल, इतिहासाच्या मालिकेत हे झाड कुठून आलं? लढाया संपल्या का? नाही संपल्या. पण गेले काही महिने हे झाड माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि त्याची सुरुवात आमच्या घरातल्या कोरड्या नळापासून झाली.

आम्ही वसुंधरात राहतो. या भागात नळाला जे पाणी येतं त्याला सगळे 'गंगाजल' म्हणतात. त्यात भाविकपणा कमी आणि व्यवहार जास्त, कारण ते खरोखरच गंगेचं पाणी आहे. हरिद्वारला गंगेतून जो मोठा कालवा निघतो, तो रुडकी, मुझफ्फरनगर करत मुरादनगरला येतो. तिथून ते पाणी गाझियाबाद, नोएडा आणि दिल्लीच्या काही भागात येतं. आमच्या प्रताप विहारमध्ये त्याचं शुद्धीकरण केंद्र आहे. आता गंमत अशी की दरवर्षी दसरा आला की हा कालवा बंद करतात. वर्षभरात साचलेला गाळ काढायचा असतो. मग दिवाळीपर्यंत गंगाजल बंद. बोअरचं खारं पाणी, टँकरच्या रांगा, सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याचं पान हातात देऊन सोनं घ्या म्हणतात, आणि इथे दसऱ्याला लोक एकमेकांना विचारतात, टाकी भरून घेतली का?

अशाच एका दसऱ्याला मी बादली घेऊन जिन्यात उभा होतो. खालच्या मजल्यावर एक माताजी राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या पौडी गढवालच्या. गाझियाबादमध्ये पहाडातली माणसं खूप आहेत, इंदिरापुरम असो, वसुंधरा असो, दर चौथ्या दारावर नेगी, रावत, बिष्ट. मी वैतागून काहीतरी बोललो असेन पाण्यावरून. त्या म्हणाल्या, "बेटा, हमारे यहाँ बांज के नीचे का धारा कभी बंद नहीं होता था।" मला आधी 'बांझ' ऐकू आलं. हिंदीत बांझ म्हणजे आपली वांझ. वांझेखालचा झरा? काही कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं, ज, झ नाही. बांज, एक झाड. जिथे बांज तिथे पाणी.

त्या एका वाक्यामुळे मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता ज्या गोष्टी हाती लागल्या त्या आज सांगतो.

आधी झाडाची ओळख. बांज म्हणजे ओक. आपल्या मराठी माणसाला ओक म्हटलं की आधी आडनाव आठवतं, झाड नंतर. ते साहजिक आहे, कारण सह्याद्रीत ओक होत नाही. तरी आपला ओकशी संबंध नाही असं मात्र समजू नका. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी बाळगुटी चाटली असेल त्यांनी ओक चाखलेला आहे. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंडाबरोबर जे मायफळ उगाळतात, ते फळ नसतंच. इराण-तुर्कस्तानकडच्या एका ओकच्या फांदीवर बारीक माशी अंडी घालते आणि झाड त्याभोवती जी गाठ धरतं, ती गाठ म्हणजे मायफळ. शेकडो वर्षं ते व्यापारातून येत राहिलं आणि आज्यांच्या बटव्यात जाऊन बसलं. असो. तो ओक वेगळा, बांज वेगळा.

बांज हिमालयातला. साधारण दीड हजार ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर, म्हणजे मसुरी, नैनिताल, पौडी, अल्मोडा या पट्ट्यात. बारमाही हिरवा. युरोपातल्या चित्रांमधले ओक थंडीत उघडेबोडके होतात, तसा हा होत नाही. जुनी पानं गळेपर्यंत नवी आलेली असतात. हे बघा, हे त्याचं पान. पुस्तकात वाचणाऱ्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो: वरून गडद हिरवं, कडा करवतीसारख्या, आणि उलटं केलं की खालून पांढरट, लव असलेलं. वारा आला की अख्खी टेकडी हिरव्याची चंदेरी होते. शास्त्रीय नावातही ही लवच आहे: क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा, म्हणजे पांढरे केस धारण करणारा ओक. आधी विल्यम रॉक्सबर्गने याला क्वेर्कस इन्काना म्हटलं होतं. पण ते नाव अमेरिकेतल्या एका ओकला आधीच दिलेलं निघालं. म्हणून 1930 च्या दशकात एमे कामू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी नवं नाव दिलं. जुन्या सरकारी कागदांत इन्काना दिसलं तर गोंधळू नका, तो आपला बांजच.

पहाडातल्या शेतकऱ्याला या झाडाचं काय काय लागायचं? नांगर याच्या लाकडाचा. कुऱ्हाडीचा, कुदळीचा दांडा याचा. जळण याचं, कारण निखारा खूप वेळ टिकतो. हिवाळ्यात गवत संपलं की गाईम्हशींना हिरवा चारा याच्या पानांचा. गळलेली पानं गोठ्यात अंथरायची, ती शेणमुतात भिजली की शेतात टाकायची, तेच खत. आणि पाणी. बांजाखाली वर्षानुवर्षं पानांचा थर साचतो, तो कुजून काळी, भुसभुशीत, स्पंजासारखी माती होते. पावसाचं पाणी उतारावरून धावत सुटण्याऐवजी त्या थरात मुरतं आणि मग महिनोन्महिने खाली झऱ्यातून येत राहतं. तिकडे झऱ्याला धारा म्हणतात, दगडी बांधून काढलेल्या कुंडाला नौला. म्हणजे एका शेतकरी घराचा अर्धा संसार या एका झाडावर.

आता दुसरी बाजू बघू. 1815 मध्ये गुरख्यांचा पराभव करून इंग्रजांनी कुमाऊं आणि गढवालचा पूर्वेकडचा भाग ताब्यात घेतला. गढवालचा उरलेला भाग टिहरी संस्थान म्हणून राजाकडे राहिला. पहिली चाळीसेक वर्षं इंग्रजांना या जंगलांत फारसा रस नव्हता. रस निर्माण केला तो रेल्वेने, आणि इथे आमचं गाझियाबाद गोष्टीत येतं.

गाझियाबाद हे नाव ज्याच्यावरून पडलं तो वजीर गाजीउद्दीन, हैदराबादच्या पहिल्या निजामाचा थोरला मुलगा. 1740 मध्ये त्याने इथे गाजीउद्दीननगर वसवलं. मराठी इतिहास वाचणाऱ्यांना हा माणूस माहीत आहे. 1752 मध्ये पेशव्यांच्या पाठबळावर निजामाच्या गादीवर हक्क सांगायला हा दख्खनेत उतरला, औरंगाबादपर्यंत पोचला आणि तिथेच विषप्रयोगाने मेला. त्याने वसवलेलं हे गाव शंभरेक वर्षं चार दरवाज्यांच्या आत निवांत होतं. 1864 मध्ये कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे दिल्लीच्या दारात पोचली. 1870 पर्यंत गाझियाबादहून मेरठ, सहारनपूर करत अमृतसर-लाहोरकडे जाणारी दुसरी लाइन जोडली गेली. गाजीउद्दीननगर हे नाव तिकिटासाठी लांब पडत होतं म्हणा किंवा तोंडाला, ते आखडून गाझियाबाद झालं. आणि गाव जंक्शन झालं.

रुळांखाली तेव्हा लाकडी स्लीपर असायचे. उन्हापावसात ते दहा-पंधरा वर्षांत कुजायचे, मग पुन्हा नवे. म्हणजे लाइन टाकून झाली की लाकडाची गरज संपत नाही, ती कायमची लागते. तराईतला साल आणि वरच्या डोंगरातला देवदार ही दोन लाकडं टिकाऊ. टिहरीच्या जंगलातले देवदार तोडून भागीरथीत सोडायचे, ते वाहत हरिद्वारला यायचे, तिथे अडवून कापायचे. फ्रेडरिक विल्सन नावाचा एक इंग्रज या धंद्यात इतका मोठा झाला की लोक त्याला पहाडी विल्सन म्हणायचे. पुढे 1864 मध्ये सरकारनेच टिहरीची जंगलं भाडेपट्ट्याने घेतली. त्याच वर्षी वनखातं सुरू झालं आणि डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन त्याचा पहिला प्रमुख झाला. वनखात्याचा जन्म आणि रेल्वेची भूक, दोन्ही एकाच काळातले. हा योगायोग नाही.

या सगळ्यात बांज कुठे होता? कुठेच नाही. बांजाचं लाकूड वाळताना पिळतं, तडकतं. सरळ लांब फळी निघत नाही. ओलं असताना इतकं जड की नदीत सोडलं तर धड तरंगतही नाही. जो ओंडका तरंगत हरिद्वारला येत नाही, तो रेल्वेच्या दृष्टीने निरुपयोगी. म्हणजे सुरुवातीला बांज वाचला तो नालायक ठरल्यामुळे.

पण ते वाचणं फार काळ टिकलं नाही. मोक्याचा देवदार संपत आला तसं लक्ष गेलं चीडवर. चीड म्हणजे तिकडचा पाइन. आता एक गैरसमज आधी दूर करतो, कारण दरवेळी कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच: चीड इंग्रजांनी आणलेला नाही. तो हिमालयाचाच आहे, बांजाच्या खालच्या उंचीवरचा त्याचा शेजारी. फरक इतकाच की त्याच्यात पैसा निघाला. खोडाला खाचा पाडल्या की राळ मिळते, राळेपासून टर्पेंटाइन. बरेलीजवळ त्याचा मोठा कारखाना पुढे उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीडच्या लाकडावर औषध मुरवून त्याचे टिकाऊ स्लीपर करायची पद्धतही जमली. झालं, चीड हे सरकारचं लाडकं झाड झालं.

1911 ते 1917 या काळात कुमाऊंतली मोठमोठी जंगलं राखीव करण्यात आली. जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत होते, पाला तोडत होते, वाळलेलं गवत जाळत होते, तिथे नियम, दंड आणि पहारेकरी आले. बांज आणि चीड एकत्र वाढत असतील तिथे चीडला जागा व्हावी म्हणून बांज काढले जाऊ लागले. शिवाय मसुरी, नैनिताल, रानीखेतसारख्या थंड हवेच्या ठिकाणांना आणि छावण्यांना कोळसा आणि जळण हवंच होतं. ते कुठून? बांजातून. साहेबाच्या बंगल्यातली शेकोटी बांजाचीच.

मग 1921 उजाडलं. 14 जानेवारी, संक्रांत. कुमाऊंत त्या दिवसाला उत्तरायणी म्हणतात. बागेश्वरला सरयू आणि गोमतीच्या संगमावर जत्रा भरते. पहाडात तेव्हा कुली-बेगार होती, म्हणजे साहेब दौऱ्यावर आला की गावाने फुकटात ओझी वाहायची, आणि गावोगावी त्याच्या वह्या ठेवलेल्या असायच्या. बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाकेवर लोकांनी त्या वह्या आणल्या आणि संगमात बुडवल्या. त्याच उन्हाळ्यात राखीव जंगलं पेटली. पेटवली गेली. आता यातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रामचंद्र गुहा यांनी या आंदोलनाचा अभ्यास केला आहे, आणि त्यांचं निरीक्षण असं की जळाली ती चीडची जंगलं. रुंद पानांची, म्हणजे बांजासारख्या झाडांची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती. त्यांना लोकांनी जवळपास हात लावला नाही.

विचार करा. सरकारी अहवालात ही 'जाळपोळ' म्हणून नोंदली गेली, अडाणी गावकऱ्यांचा उपद्रव. पण उपद्रवी माणूस झाड बघून आग लावत नाही. इथे आग लावणाऱ्याला नेमकं माहीत होतं की कुठलं झाड सरकारचं आहे आणि कुठलं आपलं.

सरकार हादरलं. कमिशनर विंडम यांच्या अध्यक्षतेखाली जंगलाच्या तक्रारींसाठी समिती बसली. गोविंद वल्लभ पंत तेव्हा तरुण वकील होते. त्यांनी 1922 मध्ये कुमाऊंच्या जंगलप्रश्नावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहून लोकांची बाजू मांडली. पंत घराण्याचं मूळ महाराष्ट्रात असल्याची परंपरा तिकडे सांगतात, आडनावावरून तुम्ही ओळखलं असेलच. समितीच्या शिफारशींवरून 1925 च्या सुमारास राखीव जंगलांचे दोन वर्ग झाले. व्यापारी दृष्ट्या महत्त्वाची जंगलं दुसऱ्या वर्गात, ती वनखात्याकडेच राहिली. ज्यांना व्यापारी किंमत नाही ती पहिल्या वर्गात, ती महसूल खात्याकडे गेली. बांज बहुतेक या पहिल्या वर्गात. म्हणजे लोक जिंकले, आणि त्यांना मिळालं काय, तर सरकारला जे नको होतं ते. योगायोगाने लोकांना नेमकं तेच हवं होतं.

हा निकाल चांगला की वाईट? मला दोन्ही वाटतं. पहिल्या वर्गातल्या जंगलांचे हक्क लोकांना परत मिळाले हे खरं. पण मधल्या दहा-बारा वर्षांत मालकीची भावना तुटली होती, आणि आता त्या जंगलाला नीट राखणदारही उरला नाही. जो येईल तो फांद्या छाटू लागला. 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले, गावाने आपलं जंगल आपण सांभाळायचं. जिथे पंचायत जागी राहिली तिथे बांज आजही उभा आहे. उत्तराखंडात अकरा हजारांहून जास्त वनपंचायती आहेत, काही नावापुरत्या, काही खऱ्या.

आता या गोष्टीतली दुसरी व्यक्ती. तिला तर महाराष्ट्राने जवळून बघितलं आहे. मीराबेन. मूळ नाव मॅडेलिन स्लेड, इंग्लंडच्या एका अॅडमिरलची मुलगी. 1925 मध्ये भारतात आली ती गांधीजींकडे. वर्ध्याजवळच्या शेगावात, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं, गांधीजींच्या आधी जाऊन राहिली ती हीच. 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई यांच्याबरोबर कैदेत होती. आणि जाता जाता सांगतो, त्याच काळात गोविंद वल्लभ पंत अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरूंबरोबर कैदेत होते. बांजाच्या इतिहासातली दोन माणसं एकाच वेळी महाराष्ट्राच्या तुरुंगांत, एकमेकांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

सुटल्यावर मीराबेन रुडकीजवळ किसान आश्रम काढून राहिल्या, मग ऋषिकेशजवळ पशुलोक, गंगेच्या काठी. पावसाळ्यामागून पावसाळे त्यांनी नदी बघितली. पूर वाढतोय, पाणी जास्त गढूळ येतंय, हे डोळ्यांनी दिसत होतं. कारण शोधायला त्या वर चढत गेल्या, भिलंगनेच्या खोऱ्यात जाऊन राहिल्या. 1952 च्या सुमारास त्यांनी एक लेख लिहिला, हिमालयात काहीतरी बिघडलं आहे अशा अर्थाच्या शीर्षकाचा. त्यांचं म्हणणं त्या काळाच्या मानाने वेगळं होतं. सगळे म्हणत होते जंगलतोड झाली. त्या म्हणाल्या, नुसती तोड नाही, झाड बदललं आहे. डोंगर लांबून हिरवाच दिसतो, पण बांजाच्या जागी चीड चढत चाललाय. चीडच्या सुया कुजत नाहीत, त्यांच्या निसरड्या थराखाली काही उगवत नाही, पाणी मुरत नाही, घसरत खाली येतं. आणि यात त्यांनी फक्त वनखात्याला दोष दिला नाही. गावकरीही बांज ओरबाडून काढतात, आणि उघड्या झालेल्या जमिनीत चीड शिरतो, हेही लिहिलं. गांधीजींची शिष्या, नेहरूंशी थेट पत्रव्यवहार, तरी सरकारी धोरण जागचं हललं नाही. 1959 मध्ये त्या भारत सोडून गेल्या. त्यांचं हे म्हणणं ज्यांनी मनावर घेतलं त्यात सुंदरलाल बहुगुणा होते.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, चिपको. रेणी गाव, गौरादेवी, मार्च 1974. ती मी पुन्हा सांगत नाही. त्याऐवजी कमी सांगितली जाणारी एक सांगतो. फेब्रुवारी 1980, चमोली जिल्हा, डुंगरी-पैंतोली. गावाजवळ बांजाचं जंगल. फलोद्यान खात्याला तिथे बटाट्याच्या बियाण्याचं शेत करायचं होतं. त्या बदल्यात गावाला काय देऊ केलं? पक्का रस्ता, शाळा, दवाखाना, वीज. गावच्या पुरुषांनी होकार दिला. आणि खरं सांगतो, मी तिथे असतो तर मीही दिला असता. रस्ता आणि दवाखाना कोणाला नको? पण बायकांनी नकार दिला. त्यांचा हिशोब सरळ होता: बांज गेला तर चारा आणि जळणासाठी रोज पाच-सहा किलोमीटर जास्त चालायचं कोणी, तर आम्ही. पाणी आटलं तर हंडा कोण वाहणार, तर आम्ही. धमक्या आल्या, घरातूनही आल्या. त्या झाडांपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तोड थांबली. चिपकोची गोष्ट आपण सरकार विरुद्ध गाव, ठेकेदार विरुद्ध गाव अशी सांगतो. डुंगरी-पैंतोलीत ती एका चुलीच्या दोन बाजूंना होती.

पुस्तकं वाचून झाल्यावर मला राहवेना. माताजी गावी निघाल्या होत्या, मी म्हटलं, चला, मीच गाडी घेतो. गाझियाबादहून मेरठ, बिजनौर, नजीबाबाद. होय, तोच नजीब, पानिपतच्या वेळचा नजीबखान, हे गाव त्याचं. त्याच्यावर एक अख्खा भाग करायचाय. नजीबाबाद सोडलं की कोटद्वार, तिथे सपाटी संपते. दुगड्डा, गुमखाल, सतपुली. बराच वेळ दोन्ही बाजूंना चीड. उभी, सरळ, देखणी झाडं, हे कबूल करायला हवं. खाली जमिनीवर तपकिरी सुयांचा गालिचा, त्याला तिकडे पिरूल म्हणतात. चप्पल घसरते. मे महिना होता, हवेत राळेचा वास आणि कुठेतरी जळाल्याचा वास. पिरूल पेटायला एक काडी पुरते. एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या आजूबाजूला असाच वणवा पेटला तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर आणून पाणी ओतावं लागलं होतं. आगीत चीडच्या जाड सालीला फारसं होत नाही, बांजाचं रोप मात्र जळून जातं. शिवाय चीडचं बी पंख लावून उडतं, उघड्या मातीत रुजतं. बांजाच्या फळाला पिकायला वर्षाहून जास्त लागतं, त्यातली निम्मी वानरं, अस्वलं खातात, उरलेल्याला सावली आणि ओल हवी. शर्यत बरोबरीची नाहीच.

माताजींच्या गावावरच्या धारेला वनपंचायतीचं बांजाचं जंगल शिल्लक आहे. चीड संपून बांज सुरू झाला ते मला डोळ्यांआधी कातडीला कळलं, इतका गारवा. खोडांवर शेवाळ, नेचे. पाय टाकला की माती दबते. माताजी पुढे होत्या, मी धापा टाकत मागे. झऱ्यापाशी त्या वाकल्या, ओंजळीने प्यायल्या, मग मला म्हणाल्या, "पी, बेटा।" पाणी मे महिन्यात दात शिवशिवतील इतकं थंड. धार मनगटाएवढी होती. त्या म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा मांडीएवढी होती. गावात चाळीस घरं, कुलूप नसलेली नऊ. बाकीची इंदिरापुरम, वसुंधरा, दिल्ली.

आता इतिहास सांगणाऱ्याने इथे सावध राहायला हवं. आमच्या नळातलं पाणी याच झऱ्याचं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हरिद्वारच्या गंगेत हिमनद्या आहेत, पाऊस आहे, आणि असे असंख्य झरे, गाड-गदेरे आहेत. कालव्यातला सगळा गाळ चीडमुळे येतो असंही नाही. हिमालय तरुण, ठिसूळ डोंगर आहे, तो झिजणारच. 1854 च्या 8 एप्रिलला प्रोबी कॉटलीच्या या कालव्यात पाणी सोडलं तेव्हापासून गाळाशी झगडा आहे. पण तो कालवा 1837-38 च्या दुष्काळानंतर दुआबाला जगवायला खोदला, आणि त्याच शतकात, त्याच नदीच्या डोक्यावर, पाणी धरून ठेवणाऱ्या झाडाला खात्यातून शून्य किंमत लावली गेली. दोन्ही कामं एकाच सरकारची. कालव्याचे इंजिनिअर आणि जंगलाचे अधिकारी एकमेकांचे अहवाल वाचत असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पडतो.

पौडी जिल्ह्यातच उफरैंखाल म्हणून गाव आहे. तिथे सच्चिदानंद भारती या शाळामास्तरांनी 1980 च्या सुमारापासून गावच्या बायकांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. उतारावर छोटे छोटे खड्डे खणायचे, ज्यांना तिकडे चाल म्हणतात, त्यात पावसाचं पाणी थांबवायचं, आणि भोवती बांज, बुरांश, काफळ लावायचे. एक कोरडा ओढा होता, लोक त्याला सूखा रौला म्हणायचे. तो पुन्हा वाहू लागला आणि त्याचं नाव बदलून गाडगंगा ठेवलं. त्याला वीस-पंचवीस वर्षं लागली. यंत्र नाही, मोठा निधी नाही. मी हे काम बघायला अजून गेलेलो नाही, जायचं आहे.

येताना माताजींनी पिशवीत बांजाची दहा-बारा फळं टाकली होती, आदल्या हिवाळ्यात वेचून मातीत पुरून ठेवलेली. टोपी घातलेल्या सुपारीसारखी दिसतात. मी बाल्कनीत कुंड्यांत लावली. दोन उगवली, नाजूक, खालून पांढरी पानं. जूनच्या लूमध्ये दोन्ही करपली. गाझियाबादचं ऊन त्यांच्यासाठी नाहीच, माताजी आधीच म्हणाल्या होत्या, पण लावू नको असं म्हणाल्या नाहीत.

यंदा दिवाळीनंतर दुसऱ्या रात्री साडेअकराला नळाला आवाज आला. आधी हवा, मग पाणी. पहिल्या दोन बादल्या गढूळ होत्या. त्या मी कुंड्यांना घातल्या.

पुढच्या भागात नजीबाबाद. भेटू.